रेव्हरंड नारायण वामन टिळक

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत ज्यांची भजने आबालवृद्धांच्या ओठी आहेत, त्या रेव्हरंड टिळकांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. तथापि त्या भजनांमागे एका संसाराची केवढी कठीण परीक्षा झाली, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृत विद्या, काव्य व वक्तृत्व यांत त्यांनी तरुणपणीच लौकिक मिळविला. परंतु चित्तास स्वस्थता नव्हती. १८९३ साली नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे (हे गाव आज छत्तीसगड राज्यात आहे) जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली व टिळकांनी ती संपूर्ण वाचण्याचे कबूल केले. दिलेला शब्द पाळावा म्हणून आरंभिलेले ते वाचन डोंगरावरील प्रवचनापाशी येताच निराळे झाले. शत्रूवरही प्रीती करावी, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणास जाऊन भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

खरी कसोटी येथूनच सुरू झाली. ही वार्ता कानी येताच पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर जणू आकाश कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पुढे काही काळ पंढरपुरासही होत्या. पतिपत्नींची ताटातूट काही वर्षे टिकली.

आता मौज अशी की, ज्या प्रवचनाने टिळकांस आकर्षिले, त्यातच असेही शिकविले आहे की, आपल्याविषयी कोणाच्या मनात काही सल असेल, तर वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी जाऊन त्याच्याशी समेट करावा. क्षमेचा धडा वाचणारा हा पुरुष स्वतःच क्षमेचा याचक होता! ज्या साध्वीचे मन दुखावले, तिच्यापाशी वादविवादाचा काय उपयोग? तेथे धीर व विश्वास हेच उपाय होत.

लक्ष्मीबाई अखेर पतीकडे नगरास परत आल्या, तेव्हा त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक निराळा ठेविला. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. त्या स्वतः विचार करीत गेल्या, जातिभेद मनुष्याने केला असे त्यांस पटले, आणि १९०० साली त्यांनी आपखुशीने बाप्तिस्मा घेतला. त्यांनी क्षमा केली ती दुःख विसरून नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात त्या दुःखाचे वर्णन आहे. पण द्वेषाचा लवलेशही नाही.

या घरातील विश्वास घरापुरताच राहिला नाही. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी, त्या घरी मुलाप्रमाणे राहिले व स्वधर्मातच राहिले. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते कोणी पुरे केले? ज्यांनी एके काळी त्याच ख्रिस्ताच्या नावाने अश्रू ढाळले होते, त्या लक्ष्मीबाईंनी!

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्रातील वचने पाठ करून परीक्षेत गुण मिळतात; परंतु ज्याच्याशी आपण अबोला धरिला आहे, त्याच्या दारी जाण्यास निराळे बळ लागते. आणि पालकांसही आमची नम्र विनंती की, मुलांच्या मनास वळण लावताना थोडी वाट पाहावी. सक्तीने मान लवते, मन लवत नाही.