केटी, कमळ आणि कॉलिन चॅपमन

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होतं, पण मार्कांपुरतं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देशील का असं मॅडमनी विचारलं तेव्हा व्हायव्हाला बसल्यासारखी धडधड झाली. चुका सांभाळून घ्या. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे : जुनी स्पोर्ट्स कार, रिकामा खिसा, आणि आपल्यासारखीच मॅथ्समध्ये दांडी उडालेला एक मुलगा.

झालं असं की इंटर्नशिपचा स्टायपेंड आणि दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळून माझ्याकडे थोडे पैसे साठले होते. जेवढे माझे तेवढेच आपण घालू, असं बाबांनी कबूल केलं. मला हवी होती जुनी, दोन दारांची, जरा स्पोर्टी दिसणारी गाडी. मग काय, मेसचं जेवण झालं की हॉस्टेलच्या जिन्यावर रोज चर्चासत्र! एक म्हणायची रंग बघ, दुसरी म्हणायची सीसी बघ, तिसरी म्हणायची म्युझिक सिस्टीम बघ. शेवटी मामाला फोन केला. कोल्हापूरला उद्यमनगरात त्याचं गॅरेज आहे आणि रेसिंगचं वेड डोक्यात पक्कं बसलेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की आधी कॉलिन चॅपमन कोण होता ते वाच, मग गाडी बघू.

वाचलं. आणि पहिल्याच पानावर आपला माणूस भेटला!

चॅपमनचा जन्म १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील हॉर्न्सी भागात एक हॉटेल चालवायचे. युद्ध संपता संपता तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनियरिंग शिकायला गेला. अभ्यास कमी आणि उद्योग जास्त. एका मित्राबरोबर त्याने जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा सुरू केला. युद्धानंतर ब्रिटनमध्ये नव्या गाड्या बहुतेक परदेशी जायच्या, त्यामुळे जुन्या गाड्यांना चांगला भाव होता. कॉलेज करता करता खिशात पैसे खुळखुळू लागले. आणि १९४७ च्या शेवटी सरकारने खासगी गाड्यांचं साधं पेट्रोल रेशनच बंद केलं. पेट्रोल नाही तर गाडी कोण घेणार? भाव धाडकन पडले. गाड्या मिळेल त्या किमतीत काढाव्या लागल्या आणि कमावलेलं सगळं गेलं. शेवटी हातात उरली एक जुनी ऑस्टिन सेव्हन, जी कोणालाच नको होती.

त्यात १९४८ साली फायनलला मॅथ्सचा पेपर राहिला. तो पुन्हा देऊन १९४९ साली डिग्री मिळाली, म्हणजे एक वर्ष उशिरा. आपल्या भाषेत, केटी!

आता विचार करा. वय वीस, धंदा बुडालेला, दारात एक खटारा. आपण काय केलं असतं? कपाळाला हात लावला असता. चॅपमनने त्या खटाऱ्याकडे इंजिनियरसारखं बघितलं. ऑस्टिन सेव्हन छोटी आणि हलकी गाडी. इंजिन फक्त ७४७ सीसी. पण १९२२ ते १९३९ या काळात ती लाखोंनी बनली होती, त्यामुळे जुने पार्ट स्वस्त आणि कुठेही मिळणारे. तिचा वीक पॉइंट म्हणजे चॅसी. उघड्या चॅनेलची, वळणावर पिळवटणारी. एसओएममध्ये आपण शिकतोच की ओपन सेक्शन टॉर्शनला कच्चा असतो आणि तोच बंद करून बॉक्स केला की कितीतरी पट ताठ होतो. चॅपमनने तेच केलं. वरची बॉडी काढून टाकली आणि ॲल्युमिनियम चिकटवलेल्या प्लायवुडची नवी बॉडी अशी बसवली की तीसुद्धा भार घेईल. त्याला विमानं उडवायचं वेड होतं, विद्यापीठाच्या एअर स्क्वाड्रनमध्ये तो उडायला शिकला होता. विमानाची बॉडी शोभेसाठी नसते, ती लोड घेते, हा फंडा त्याने गाडीत आणला. हे सगळं कुठे? हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात. गाडीचं नाव ठेवलं लोटस, म्हणजे आपलं कमळ. का ठेवलं, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. चिखलातल्या ट्रायल्समध्ये ही गाडी धावली, म्हणजे नाव शोभलंच!

पुढे काही दिवस त्याने एका ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी केली आणि रात्री गाड्या बनवल्या. १९५२ मध्ये वडिलांच्या हॉटेलमागच्या तबेल्यात कंपनी सुरू झाली. भांडवल पंचवीस पौंड, तेही हेझलने दिलेले. दोन वर्षांनी दोघांनी लग्न केलं. कंपनीची पहिली मोठी गाडी मार्क सिक्स ही खास आपल्यासारख्या कडक्यांसाठी होती. गिऱ्हाइकाने किट घ्यायचं, जुन्या फोर्डचे पार्ट आणायचे आणि घरीच गाडी जोडायची. तयार गाडीवरचा टॅक्ससुद्धा वाचायचा. १९५७ ची लोटस सेव्हन त्याच कल्पनेतून आली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिथे ती आजही बनते.

त्याचा मंत्र एकच, वजन काढा. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते. वजन कमी केलं तर ती पळते, वळते आणि थांबतेही लवकर. न्यूटनचा दुसरा नियम! १९६२ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये पाइपांच्या सांगाड्याऐवजी मोनोकॉक आणला. जिम क्लार्क त्याच्या गाड्यांवर १९६३ आणि १९६५ चा जगज्जेता झाला. १९७८ मध्ये गाडीखालच्या हवेनेच गाडी रस्त्याला चिकटवून मारिओ आंद्रेत्तीला जिंकवलं. एकूण सात वेळा कन्स्ट्रक्टर्स अजिंक्यपद. तबेल्यातून निघालेल्या पोराने फेरारीला पाणी पाजलं!

इथपर्यंत वाचून मी हवेत होते. पुढची पानं मात्र गळ्याखाली उतरली नाहीत. लोटस हलकी असायची, पण मोडायचीही. पार्ट इतका बारीक करायचा की हिशोबात जेमतेम बसेल. योखेन रिंट या त्याच्या ड्रायव्हरने गाडीच्या मजबुतीबद्दल त्याला काळजीचं पत्रही लिहिलं होतं. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझा इथे प्रॅक्टिसमध्ये ब्रेक लावताना रिंटच्या गाडीचा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला, गाडी कठड्यावर गेली आणि रिंट वारला. कठडाही नीट बसवलेला नव्हता हे खरं. पण शाफ्ट तुटला हेही खरंच. त्या वर्षीचं अजिंक्यपद रिंटलाच मिळालं, मरणोत्तर. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे परीक्षेतले दोन मार्क, असं मला तोवर वाटायचं.

शेवटही फारसा चांगला नाही. डीलोरियन गाडीच्या प्रोजेक्टमध्ये सरकारी मदतीतले लाखो डॉलर गायब झाल्याचं प्रकरण बाहेर येत होतं. १६ डिसेंबर १९८२ ला चॅपमन हार्ट अटॅकने गेला, वय फक्त ५४. त्याचा हिशोब सांभाळणाऱ्या साथीदाराला १९९२ मध्ये शिक्षा झाली. चॅपमनवर खटला व्हायची वेळच आली नाही.

सुट्टीत मामाकडे गेले. एक लाल गाडी बघायला नेलं. रुंद टायर, चकाचक पेंट, मी तर मनात ती विकतही घेतली होती. मामाने काही न बोलता हातात टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर दिला. गाडीखाली आडवी झाले. चॅसीच्या मेंबरवर काळा रंग फासलेला होता. टोक टेकवलं तर सरळ आत गेलं आणि गंजाचा भुगा तोंडावर पडला. उठून उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते भुग्यामुळे होतं असंच मी मामाला सांगितलं.

चॅपमनच्या एलान या गाडीचंही हेच आहे म्हणे. वरची फायबरची बॉडी गंजत नाही, आतला स्टीलचा कणा गुपचूप गंजतो. म्हणून जुनी एलान घेणाराही पेंट सोडून आधी खालीच बघतो.

तीन आठवड्यांनी दुसरी गाडी मिळाली. रंग उडालेला, दार चेपलेलं, सीट फाटकी. पण खालून ठणठणीत, आणि पार्ट कुठेही मिळणारे. उरलेल्या पैशात मास्टर सिलिंडर, ब्रेकच्या नळ्या आणि चार टायर नवे घातले. तिथेच बजेट संपलं. मागची सीट काढून ठेवली, वजन वाचलं. ब्रेकमध्ये मात्र एक ग्रॅमसुद्धा वाचवला नाही. चॅपमनकडून मी अर्धंच घेतलं.

मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत कोल्हापूरला आलात तर नक्की चक्कर मारून आणेन. एका वेळी एकच जण. पावसाळ्यात आलात तर छत्री आणा, छत अजून गळतं!