काशीतील गणिताचार्य : विष्णु वासुदेव नारळीकर

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते फार जुने आहे. गंगेच्या घाटांवर मराठी शास्त्र्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. एकोणिसाव्या शतकात येथील संस्कृत पाठशाळेत बापूदेवशास्त्री यांनी गणित व ज्योतिष शिकविले, 'सूर्यसिद्धान्ता'चे इंग्रजीत भाषांतर केले. त्याच काशीत 1932 साली चोवीस वर्षांचा एक कोल्हापूरकर तरुण गणिताचा विभागप्रमुख म्हणून रुजू झाला. आज पुष्कळांना ते जयंत नारळीकरांचे वडील म्हणून माहीत असतात. परंतु विष्णु वासुदेव नारळीकर यांचे कार्य ध्यानात घेतले म्हणजे ही ओळख किती अपुरी आहे ते कळते.

त्यांचा जन्म 26 सप्टेंबर 1908 रोजी कोल्हापुरात झाला. वडील वासुदेवशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्या होती, संपत्ती नव्हती. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून 1928 मध्ये ते बी.एस्सी. झाले. बुद्धिमान पदवीधराला संशोधन करावयाचे असेल तर त्या काळी मार्ग बहुधा एकच असे, तो म्हणजे विलायतेचा. टाटा निधी आणि कोल्हापूर संस्थान यांच्या साहाय्याने नारळीकर केंब्रिजला गेले. 1930 मध्ये ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले आणि खगोलशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना टायसन पदक मिळाले. सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे 1919 च्या ग्रहणात निरीक्षणाने दाखविणारे एडिंग्टन तेव्हा केंब्रिजमध्येच होते. त्यांच्या सान्निध्यात नारळीकर सापेक्षतेच्या अभ्यासाकडे वळले. पुढे रॅले पारितोषिकही त्यांना मिळाले.

यानंतर अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेत जाऊन संशोधन करावे, असा त्यांचा विचार होता. तेथे मोठ्या दुर्बिणी जवळ होत्या, विश्वरचनेसंबंधी नवे शोध लागत होते. याच सुमारास, 1931 मध्ये, पंडित मदनमोहन मालवीय गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला आले. 1916 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या काशी हिंदू विश्वविद्यालयासाठी ते गुणी अध्यापकांच्या शोधात असत. त्यांनी नारळीकरांना काशीला बोलाविले. नारळीकरांनी अमेरिकेचा बेत सोडून दिला.

हा निर्णय योग्य होता काय? केवळ त्यांच्या वैयक्तिक संशोधनाचा विचार केला, तर या त्यागाची किंमत लहान नव्हती, असेच म्हणावे लागते. एकीकडे समानधर्मी संशोधकांचा सहवास. दुसरीकडे विभागाचा कारभार, अध्यापन, आणि या विषयाची चर्चा करू शकतील असे देशभरात मोजकेच लोक. मात्र सापेक्षता सिद्धान्ताची एक सोय होती. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. फळा, खडू, कागद आणि चिकाटी एवढ्यावर काम चालते. आइन्स्टाइनने 1915 मध्ये मांडलेली गुरुत्वाकर्षणाची समीकरणे संख्येने दहा असून ती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की, त्यांची अचूक उत्तरे फार थोड्या प्रसंगी सापडतात. अशी उत्तरे शोधण्याचे काम काशीत बसून करता येण्याजोगे होते. नारळीकरांनी तेच हाती घेतले आणि विद्यार्थ्यांनाही त्यात सामील करून घेतले. करमरकर यांच्यासह त्यांनी अवकाशाच्या वक्रतेसंबंधी केलेले काम अभ्यासकांना आजही परिचित आहे.

या विद्यार्थ्यांपैकी प्रल्हाद चुनिलाल वैद्य यांची हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते. 1942 साल. बाहेर महायुद्ध पेटलेले, देशात 'चले जाव' चळवळीचा वणवा. गुजरातचा हा तरुण पत्नी आणि तान्ह्या मुलीसह काशीला आला. शिष्यवृत्ती नव्हती, नोकरी नव्हती. गाठीची पुंजी संपेपर्यंत राहावयाचे आणि नारळीकरांजवळ संशोधन शिकावयाचे, एवढाच संकल्प. ही पुंजी सुमारे दहा महिने पुरली.

वैद्यांनी जो प्रश्न सोडविला तो असा. श्वार्झशिल्ड यांनी 1916 मध्ये गोलाकार वस्तूभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे अचूक उत्तर काढले होते. पण ते प्रकाश न देणाऱ्या वस्तूचे होते. खरा तारा तर सतत ऊर्जा बाहेर टाकतो, त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते आणि भोवतालचे अवकाशही रिकामे राहत नाही. अशा तेजस्वी ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण कसे मांडावे? नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली वैद्यांनी त्याचे उत्तर शोधले; 1943 मध्ये ते प्रसिद्ध झाले. दोन दशके त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. 1963 मध्ये क्वासार या अतितेजस्वी वस्तूंचे अंतर कळले, आणि मग 'वैद्य मेट्रिक' हे नाव जगभर रूढ झाले. ज्या कामासाठी नारळीकरांना स्वतः समुद्र ओलांडावा लागला होता, तसे काम वैद्यांनी काशीतच केले.

नारळीकरांचे विद्यापीठाच्या परिसरातील घर मराठी होते आणि विद्येचेही होते. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात मुलांसाठी फळे लावलेले होते. सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी.साठी काशीला येऊन राहिले, तेव्हा ते छोट्या जयंतासाठी फळ्यावर गणिती कोडे लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत! 1957 मध्ये काशीहून बी.एस्सी. झाल्यावर जयंतही केंब्रिजला गेले आणि वडिलांना मिळालेले टायसन पदक त्यांनीही पटकाविले. म्हणजे तीस वर्षांनंतरही विलायतेची वाट पुरती सुटली नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

1960 मध्ये नारळीकरांनी काशी सोडली. काही वर्षे ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. पुढे पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून त्यांनी पुन्हा फळा जवळ केला. 1988 मध्ये याच विद्यापीठाच्या परिसरात जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 'आयुका' ही संस्था उभी राहिली. देशातील कोणत्याही विद्यापीठाच्या अध्यापकाने व विद्यार्थ्याने येथे यावे, खगोलशास्त्रात संशोधन करावे, हा तिचा हेतू. काशीचे गणिताचार्य तेव्हा ऐंशीच्या घरात होते. 1 एप्रिल 1991 रोजी त्यांचे निधन झाले.