साध्या शब्दांचा कोशकार : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

इंग्रजी निबंध लिहितांना आमच्या विद्यार्थ्यांची एक समजूत असते कीं, अवघड शब्द जितके अधिक, तितका निबंध सरस. घर, पाणी, चूल, झाडू अशा रोजच्या वस्तूंचे इंग्रजी शब्द त्यांना क्षुद्र वाटतात. ते कोशांत पाहण्याचे श्रमही सहसा कोणी घेत नाहीं. परंतु ज्या पुरुषानें इंग्रजी भाषेचा पहिला थोर कोश रचिला, त्याचा अनुभव अगदीं उलट होता. त्याला जड गेले ते साधेच शब्द. त्या डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

सॅम्युएलचा जन्म इंग्लंडांतील लिचफील्ड गांवीं १८ सप्टेंबर १७०९ रोजीं झाला. वडील मायकेल जॉन्सन हे पुस्तकें विकीत. बाळपणींच गंडमाळेच्या विकारानें मुलाची दृष्टि अधू झाली व चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहिले. तरीही दुकानांतील पुस्तकें त्यानें अधाशासारखीं वाचून काढिलीं. १७२८ सालीं तो ऑक्सफर्ड येथील पेम्ब्रोक कॉलेजांत दाखल झाला. तेथें त्याचे फाटके जोडे पाहून कोणा दयाळू माणसानें त्याच्या दाराशीं नवे जोडे आणून ठेविले; त्या मानी तरुणानें ते फेंकून दिले. पुढें पैशाअभावीं सुमारें तेरा महिन्यांतच त्याला पदवीवांचून कॉलेज सोडावें लागलें.

त्याचा हा मानीपणा एकदां भलत्याच ठिकाणीं प्रकट झाला. युटॉक्सेटर येथील बाजारांत वडील पुस्तकें मांडून विकीत असत. त्यांनीं एकदां मुलाला तेथें आपल्याबरोबर येण्यास सांगितलें. बाजारांत उभें राहून विक्री करणें हें मुलाला कमीपणाचें वाटलें व त्यानें साफ नाकारलें. १७३१ सालीं वडील वारले. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

उदरनिर्वाहासाठीं जॉन्सन यांनीं लिचफील्डजवळ शाळा काढिली. ती चालली नाहीं. १७३७ सालीं ते डेव्हिड गॅरिक या आपल्या विद्यार्थ्यासह लंडनला गेले. हाच गॅरिक पुढें विख्यात नट झाला. लंडनांत कांहीं वर्षें मासिकांतून लिहून त्यांनीं कसाबसा चरितार्थ चालविला. १७४६ सालीं कांहीं पुस्तकविक्रेत्यांनीं त्यांच्याशीं इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. काम तीन वर्षांत पुरें होईल असा जॉन्सन यांचा अंदाज होता. लागलीं सुमारें नऊ वर्षें.

इंग्रजीचा पहिला छोटा कोश रॉबर्ट कॉड्रे यांनीं १६०४ सालीं छापिला होता; त्यांत कठीण शब्दच तेवढे घेतलेले होते. पुढील कोशकारांनीं साधे शब्दही घेतले, परंतु कुत्रा म्हणजे एक सर्वपरिचित प्राणी, अशा थाटानें त्यांची बोळवण केली. जॉन्सन यांनीं असें केलें नाहीं. गफ स्क्वेअरमधील आपल्या घराच्या माळ्यावर सहा लेखकांना बसवून त्यांनीं काम चालविलें. ग्रंथ वाचून ते वाक्यांना खुणा करीत व लेखकांकडून तीं वाक्यें चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. मग एकेका शब्दाचे अर्थ निवडीत. तेव्हां असें दिसून आलें कीं, टेक म्हणजे घेणें या चिमुकल्या क्रियापदाचेच अर्थ शंभरांवर जातात. आपल्या लागणें या शब्दाचेंच पाहा ना! भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, ठेंच लागते. याची एक व्याख्या कोणी करून पाहावी! अर्थ सांगावयाचा तो अधिक सोप्या शब्दांत. पण सर्वांत सोप्या शब्दाहून सोपा शब्द आणावा कोठून? ही अडचण त्यांनीं प्रस्तावनेंत मोकळेपणानें मांडिली आहे.

या वाटेवर ते स्वतःही अडखळले. जाळें कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतें. पण जाळीदार रचनेच्या शब्दाची त्यांची व्याख्या इतकी लॅटिनप्रचुर झाली कीं, शब्द समजणाराही ती वाचून गोंधळावा. घोड्याच्या पायाचा खुराच्या वरचा जो भाग, त्याच्या नांवाचा अर्थ त्यांनीं चक्क गुडघा असा दिला. एका बाईंनीं याचें कारण विचारिलें, तेव्हां त्यांनीं कांहीं सबब न सांगतां निव्वळ अज्ञान हेंच कारण सांगितलें. जें कोणत्याही मोतद्दाराला ठाऊक, तें त्या महापंडिताला ठाऊक नव्हतें. आणि तें कबूल करण्यास तो लाजला नाहीं.

१७५२ सालीं त्यांची पत्नी वारली. पुढें १७५५ सालीं बेचाळीस हजारांहून अधिक शब्दांचा तो कोश दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला. कीर्ति झाली, तरी दारिद्र्य हटलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं कर्जापायीं त्यांना अटक झाली. १७६२ सालीं राजाकडून सालीना तीनशें पौंडांचें वेतन मिळूं लागलें, तेव्हां कोठें स्वास्थ्य लाभलें. त्यांच्या घरीं अॅना विल्यम्स ही अंध बाई, गरिबांना औषध देणारे रॉबर्ट लेव्हेट आणि जमैकांत गुलामगिरींत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर यांना आश्रय होता. बार्बरला त्यांनीं शाळेंत घातलें आणि मृत्युपत्रानें आपल्या मिळकतीचा मोठा भागही दिला.

इंग्रजीतील कॉमन या शब्दाचा मूळ अर्थ सर्वांच्या मालकीचें असा आहे. हलकें हा अर्थ मागाहून चिकटला. आपला सामान्य शब्दही समान यापासूनच निघाला आहे. ज्या प्रार्थनासंग्रहाच्या नांवांतच कॉमन शब्द आहे, त्याच्या आधारें जॉन्सन जन्मभर प्रार्थना करीत आले. जें सर्वांचें, तें हलकें कसें?

हें त्यांना पुरतें उमगलें होतें, याची साक्ष युटॉक्सेटरच्या बाजारानें दिली. म्हातारपणीं ते तेथें गेले आणि वडिलांचें दुकान जेथें लागत असे त्याच जागीं भर पावसांत, उघड्या डोक्यानें, बराच वेळ उभे राहिले. वडिलांना दिलेल्या नकाराचें तें प्रायश्चित्त होतें. परंतु क्षमा करणारे वडील तेथें नव्हते.

१३ डिसेंबर १७८४ रोजीं डॉ. जॉन्सन वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांची समाधि आहे.

विद्यार्थ्यांनो, शाळेच्या समारंभाला येणाऱ्या आपल्या वडिलांचा जाडाभरडा सदरा किंवा आईची साधी बोली यांची लाज वाटून तुमच्यापैकीं कोणी चार पावलें दूर उभा राहत असेल, तर त्यानें त्या पावसांतल्या म्हाताऱ्याची आठवण करावी. त्याला पन्नास वर्षें लागलीं. तुमचे वडील अजून दाराशीं उभे आहेत.