विद्यार्थी बाबासाहेब आणि मराठवाड्याचे महाविद्यालय

दिनांक ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंदवहीत ते भिवा रामजी आंबेडकर असे लिहिलेले आहे. वहीत त्याचे नाव इतर मुलांच्या बरोबरीने आले, पण वर्गात मात्र त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शाळेच्या शिपायाने वरून पाणी ओतल्यावाचून त्याची तहान भागत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या सभासद कुटुंबांना अपरिचित नाही. तरी ज्यांची मुले यंदा प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढत आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्या विद्यार्थिदशेचा भाग येथे मुद्दाम विस्ताराने देत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९०७ साली मुंबईस ते मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा त्यांना नाकारण्यात आली, म्हणून त्यांनी फारसी घेतली. महाविद्यालयाचा खर्च वडिलांना झेपण्यासारखा नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा कोठे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाले. १९१३ साली महाराजांच्याच साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यासाठी लिहून द्यावा लागला होता.

१९१७ साली त्या करारानुसार ते बडोद्यास गेले. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानास शहरात राहावयास खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी बिऱ्हाड केले. काही दिवसांतच त्यांची जात उघड झाली, काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना त्याच दिवशी बाहेर पडावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तर तेथेही काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याविषयी हरकत घेतली. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व राहिलेला अभ्यास पुरा करून परतले.

हे सारे स्वतः भोगल्यामुळे, प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे त्यांनी कधीच मानले नाही. १९२५ च्या आरंभी सोलापुरात त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते यामुळेच. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून शिष्यवृत्त्या मिळविल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले.

आता आपल्या भागाकडे वळू. निजामी राजवटीत बिलोलीच्या मुलास पदवी घ्यावयाची तर हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मांजरा ओलांडून बोधनमार्गे हैदराबादेस जाणे एखाद्या सधन घरच्या मुलास जमत असेल. शेतमजुराच्या मुलाच्या ते स्वप्नातही नव्हते. संस्थान मुक्त झाल्यावर १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले. सर्व जातींच्या मुलांना तेथे प्रवेश होता, आणि गरीब मुलांच्या राहण्याजेवणाची सोय व्हावी म्हणून वसतिगृहेही उभी राहिली. आमच्या मते बाबासाहेबांनी मराठवाड्यास दिलेले हे सर्वांत मोठे दान होय.

त्याच सुमारास दिल्लीत दुसरा प्रश्न उभा होता. राज्यघटनेच्या एकोणतिसाव्या कलमान्वये, राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांमुळे कोणासही प्रवेश नाकारता येत नाही. त्याचाच आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली मद्रास राज्याचा महाविद्यालयांतील जागांच्या जातवार वाटपाचा हुकूम रद्द ठरविला. त्यावर घटनेत पहिली दुरुस्ती झाली आणि मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार स्पष्ट झाला. कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांनी संसदेत या दुरुस्तीचा पुरस्कार केला.

या तरतुदीमुळे विद्यार्थ्याची जात कचेरीतील कागदावर येणे अपरिहार्य झाले. कागद कचेरीत राहिला तर तो उपयोगाचाच आहे. तोच वर्गात वाचून दाखविला, तर बडोद्याच्या धर्मशाळेतला प्रसंग वेगळ्या रूपाने पुन्हा घडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या विनियमांत, वर्गात विद्यार्थ्यांच्या जाती जाहीर करणे हा भेदभाव ठरविला आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक नसते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी चारचौघांत जात विचारली गेली तर ती मान खाली घालतात. पालकांनी त्यांना हा नियम अवश्य सांगावा.

बाबासाहेबांचे महानिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस झाले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ साली, औरंगाबादेस स्थापन झाले. त्यास त्यांचे नाव मिळण्यास १९९४ साल उजाडले. सातारच्या शाळेतील त्यांच्या प्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.