छोटी मो



शनिवारी सकाळी मराठीचा वर्ग, दुपारी टेनिस नाहीतर पोहणे, संध्याकाळी पियानो अशी तुमची धावपळ आम्ही दर आठवड्याला पाहतो. म्हणून ह्या अंकात एका टेनिसपटूची गोष्ट सांगते. ती आपल्याच कॅलिफोर्नियातली. वाचताना आईबाबांनाही शेजारी बसवा, कारण ही गोष्ट थोडी त्यांच्यासाठीही आहे.

मॉरीन कॉनलीचा जन्म १७ सप्टेंबर १९३४ रोजी सॅन डिएगो येथे झाला. ती अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. मॉरीनला वेड होते घोड्यांचे! पण घोडेस्वारीची शिकवणी आईला परवडणारी नव्हती. घराजवळच टेनिसची सार्वजनिक कोर्टे होती. दहा वर्षांची मॉरीन तिथे जाऊन खेळ बघत उभी राही. शेवटी आईने तिला दीड डॉलरची एक रॅकेट आणून दिली. घोडा राहिला आणि टेनिस सुरू झाले.

मॉरीन डावखुरी होती. तिचे पहिले शिक्षक विल्बर फॉलसम ह्यांनी तिला उजव्या हाताने खेळायला लावले, कारण डावखुरी मुलगी मोठी विजेती झाल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. बिचारीने हातसुद्धा बदलला! रोज तासन्‌तास सराव चाले. तिचे फटके इतके जोरदार होते की गावातल्या एका वार्ताहराने तिला एका युद्धनौकेवरून नाव दिले. मिसूरी ह्या बलाढ्य नौकेला लोक बिग मो म्हणत, म्हणून ही झाली लिटल मो, म्हणजे छोटी मो.

पुढे तिला एलिनॉर टेनंट ह्या नामांकित शिक्षिका मिळाल्या. टेनंटबाईंनी ह्याआधीही मोठे विजेते घडवले होते. त्यांनी मॉरीनचा खेळ घासूनपुसून लखलखीत केला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली. समोरच्या खेळाडूशी मैत्री करायची नाही, तिचा द्वेष करायचा, म्हणजे जिंकता येते! बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ते खरे मानले.

१९५१ साली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मॉरीनची गाठ डॉरिस हार्ट हिच्याशी होती. डॉरिसबद्दल मॉरीनच्या मनात फार आदर होता. सामन्यापूर्वी बाईंनी तिच्या कानावर घातले की डॉरिस तिला लाडावलेली कार्टी म्हणते. मॉरीन पेटून उठली आणि जिंकली. मग अंतिम सामन्यात शर्ली फ्रायला हरवून सोळाव्या वर्षी ती अमेरिकेची विजेती झाली. त्या वेळेपर्यंत इतक्या लहान वयात हा मान कुणालाही मिळाला नव्हता. डॉरिस तसे काही बोललीच नव्हती, हे मॉरीनला पुढे कळले.

१९५२ साली विम्बल्डनला तिचा खांदा दुखू लागला. टेनंटबाईंचे म्हणणे पडले की तिने स्पर्धेतून माघार घ्यावी. मॉरीनला खेळायचे होते. खटका उडाला आणि सतरा वर्षांच्या मुलीने वार्ताहरांसमोर सांगून टाकले की ह्यापुढे टेनंटबाई आपल्या शिक्षिका नाहीत. दुखऱ्या खांद्याने खेळून तिने ते विम्बल्डन जिंकले. सॅन डिएगोच्या लोकांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला बक्षीस म्हणून चक्क एक घोडा दिला! त्याचे नाव कर्नल मेरीबॉय. लहानपणी जे मिळाले नाही ते असे दारात येऊन उभे राहिले.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचे हॅरी हॉपमन तिचे मार्गदर्शक झाले. बाई नव्हत्या म्हणून ती मागे पडली का? मुळीच नाही! १९५३ साली तिने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन ह्या चारही स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षी चारही स्पर्धा जिंकण्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. तो करणारी मॉरीन ही जगातली पहिली स्त्री. चारही स्पर्धा मिळून तिने फक्त एक सेट गमावला. त्यांतल्या तीन अंतिम सामन्यांत समोर डॉरिस हार्टच होती. विम्बल्डनला मॉरीन ८-६, ७-५ अशी जिंकली, आणि तो सामना आजही नावाजला जातो.

१९५४ साली तिने पुन्हा फ्रेंच आणि विम्बल्डन स्पर्धा जिंकल्या. १९५१ च्या त्या विजयापासून ह्या चार स्पर्धांपैकी ज्या ज्या स्पर्धेत ती एकेरीत उतरली, त्या सगळ्या, म्हणजे एकूण नऊ, तिने जिंकल्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० जुलै १९५४ रोजी, ती सॅन डिएगोत आपल्या लाडक्या घोड्यावरून रपेट करत होती. सिमेंट वाहून नेणारा ट्रक जवळून गेला. घोडा बुजला. मॉरीनचा उजवा पाय घोडा आणि ट्रक ह्यांच्यामध्ये चिरडला गेला. तिने पुन्हा उभे राहण्याचा खूप प्रयत्न केला, पण मोठ्या स्पर्धांचे टेनिस कायमचे संपले. वय होते एकोणीस.

मुलांनो, इथे कुणीही खचले असते. मॉरीनने मात्र नवा संसार मांडला. १९५५ साली तिने नॉर्मन ब्रिंकर ह्या ऑलिंपिक घोडेस्वाराशी लग्न केले. म्हणजे घोड्यांवर तिने राग धरला नाही! तिला दोन मुली झाल्या. १९५७ साली आलेल्या आत्मचरित्रात, खेळताना मनात किती द्वेष आणि किती भीती असायची, हे तिने मोकळेपणाने लिहिले. पुढे ती डॅलसला राहू लागली आणि मुलांना टेनिस शिकवू लागली. १९६८ साली मैत्रीण नॅन्सी जेफेट हिच्याबरोबर तिने लहान खेळाडूंना मदत करणारी संस्था काढली. तेव्हा कर्करोगाने तिला गाठलेच होते. २१ जून १९६९ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ती गेली.

तिची संस्था आजही लहान मुलामुलींसाठी लिटल मो नावाच्या स्पर्धा भरवते. तिथे जिंकणाऱ्यांना बक्षीस मिळतेच, पण खिलाडूवृत्तीसाठीही वेगळे बक्षीस असते. देशोदेशीची मुले एकमेकांना आपापल्या पिना भेट देतात आणि ओळखी करून घेतात. जिला समोरच्या मुलीशी मैत्री करू नकोस असे शिकवले होते, तिच्या नावाने हे चालते!

आता आईबाबांसाठी एक शब्द. मुलांनी जिंकावे असे आपल्या सगळ्यांनाच वाटते, आणि त्या भरात आपण दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवतो. टेनंटबाईंचीही इच्छा चांगलीच होती. पण मॉरीनचे सर्वांत मोठे वर्ष त्यांच्याशिवायच आले, हे विसरू नये. आणि मुलांनो, पुढच्या शनिवारी सामना हरलात किंवा जिंकलात, तरी जाळीपाशी जाऊन समोरच्याचे नाव मात्र नक्की विचारा.