मधाची भेसळ पकडणारे डॉ. वायली

ओकव्हिलच्या दुकानात मधाची बाटली हातात घेतली की मला डॉ. हार्वे वायली आठवतात. अमेरिकेत शुद्ध अन्नाच्या कायद्यासाठी झगडलेले हे रसायनशास्त्रज्ञ १८४४ साली इंडियानात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. पर्ड्यू विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १८७८ मध्ये जर्मनीला गेले आणि साखर तपासण्याची विद्या शिकून आले.

त्यांचं हत्यार म्हणजे पोलॅरिस्कोप. फुलांच्या मधात फ्रुक्टोज जास्त, म्हणून तो ध्रुवित प्रकाशाला सहसा डावीकडे वळवतो. मक्याच्या स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचा पाक उजवीकडे वळवतो. जीभ फसते, पण हे यंत्र फसत नाही! त्यातून त्यांनी बाजारातल्या पाकांमधली भेसळ उघडी पाडली.

पण १८८१ मध्ये त्यांनीच एका लेखात लिहून टाकलं, की पॅराफिनची पोळी करून त्यांत ग्लुकोज भरून विकतात. असं पोळं कुणी बनवतच नव्हतं! बातमी पसरली आणि प्रामाणिक मधपाळांच्या मालावर संशय आला. ए. आय. रूट या मधपाळाने असं पोळं दाखवणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं, ते कुणालाच मिळालं नाही. ती थट्टा होती, असं वायलींनी पुढे सांगितलं. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.

१९०२ पासून त्यांनी तरुण स्वयंसेवकांच्या जेवणात परिरक्षक रसायनं घालून परिणाम तपासले. ३० जून १९०६ रोजी कायद्यावर सही झाली. १९३० मध्ये, नेमके ३० जूनलाच, वायली वारले.

आता प्रयोगशाळेत कार्बनचे समस्थानिक मोजून ऊस-मक्याची साखर पकडतात. तांदूळ आणि बीटचा पाक त्यातून निसटतो, त्यासाठी एनएमआर चाचणी लागते. कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेने २०१८-१९ मध्ये जोखमीच्या ठिकाणांहून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांत बाहेरची साखर सापडली. हे सगळे नमुने आयात मधाचे होते, कॅनडाच्या मधाचा एकही नाही.

भारतातून आलेले पाहुणे इथला थिजलेला, पांढरट मध पाहून नाक मुरडतात, तेव्हा मी त्यांना वायलींची ही गोष्ट सांगते. शुद्ध मधही थिजतो हो! पाण्यात थेंब टाकूनही त्याचा खरेखोटेपणा कळत नाही. आणि पुराव्याशिवाय खोट काढली, तर फटका बसतो तो राबणाऱ्या मधपाळाला.