क्रँडलबाईंची शाळा

तुमच्या शाळेत एखादी नवी मुलगी येते. हजेरीपटावर तिचे नाव लिहिले जाते, तिला बसायला बाक मिळतो आणि दोन दिवसांत ती तुमच्यातलीच एक होऊन जाते. पण एका मुलीला शाळेत प्रवेश दिला, म्हणून सारे गाव खवळले आणि राज्याच्या विधिमंडळाने नवा कायदा केला, असे कोणी सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का? ही गोष्ट अमेरिकेत घडली. तिला आता दोनशे वर्षे होत आली. ज्या शिक्षिकेने त्या मुलीला प्रवेश दिला, तिचे नाव प्रुडन्स क्रँडल.

प्रुडन्सचा जन्म ३ सप्टेंबर १८०३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात झाला. तिचे वडील शेतकरी होते. घरातली माणसे क्वेकर पंथाची होती. हा ख्रिस्ती धर्मातला एक साधा पंथ. देवापुढे सगळी माणसे सारखी, गुलाम पाळणे हे पाप आणि मुलींनाही मुलांसारखेच शिकवले पाहिजे, असे हे लोक मानीत. त्या काळी मुलींच्या शिक्षणाकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. प्रुडन्सला मात्र क्वेकरांच्या चांगल्या निवासी शाळेत शिकायला मिळाले. शिक्षण संपल्यावर ती स्वतः शिक्षिका झाली.

प्रुडन्स लहान असतानाच तिचे आईवडील शेजारच्या कनेक्टिकट राज्यात, कँटरबरी नावाच्या छोट्या गावी राहायला आले होते. गावातल्या प्रतिष्ठित लोकांना आपल्या मुलींसाठी एक चांगली शाळा हवी होती. त्यांनी प्रुडन्सला बोलावून घेतले. तिने गावाच्या मध्यभागी एक मोठे घर विकत घेतले आणि १८३१ च्या नोव्हेंबर महिन्यात तिथे शाळा सुरू केली. आता तिला आपणही बाई म्हणू या. क्रँडलबाईंच्या शाळेत वाचन, लेखन, गणित, व्याकरण आणि भूगोल तर होताच. शिवाय रसायनशास्त्र आणि खगोलशास्त्रही शिकवीत. चित्रकला आणि पियानोवादन शिकण्याची सोय होती. गावकरी खूश होते. बाईंचे कौतुक करताना ते थकत नसत.

त्या काळातला कनेक्टिकट कसा होता, हे इथे सांगायला हवे. अमेरिकेच्या दक्षिण भागात लाखो कृष्णवर्णीय माणसे गुलाम होती. कनेक्टिकट हे उत्तरेकडचे राज्य. तिथे गुलामगिरी जवळजवळ संपत आली होती आणि बहुतेक कृष्णवर्णीय लोक स्वतंत्र होते. पण स्वतंत्र असणे वेगळे आणि बरोबरीचे असणे वेगळे. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता. चर्चमध्ये त्यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असत. त्यांच्या मुलांना गावातल्या साध्या शाळेत चार अक्षरे शिकता येत. पुढच्या शिक्षणाची दारे बहुतेक बंदच होती.

क्रँडलबाईंच्या घरी मारिया डेव्हिस नावाची एक कृष्णवर्णीय तरुणी काम करीत असे. हातातले काम संपले की ती वर्गात मागे बसून धडे ऐके. तिच्याकडे बॉस्टन शहरातून 'लिबरेटर' नावाचे वृत्तपत्र येई. 'लिबरेटर' म्हणजे मुक्त करणारा. विल्यम लॉइड गॅरिसन नावाचे संपादक त्यात गुलामगिरीच्या विरुद्ध फार कडक भाषेत लिहीत. मारियाने ते वृत्तपत्र बाईंना वाचायला दिले. बाईंनी ते वाचले आणि त्या अस्वस्थ झाल्या. लहानपणापासून गुलामगिरी वाईट असे त्या ऐकत आल्या होत्या. पण आपण त्यासाठी काय केले, हा प्रश्न आता त्यांना पडू लागला.

१८३२ साली या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली. सारा हॅरिस नावाची वीस वर्षांची मुलगी बाईंना भेटायला आली. सारा कृष्णवर्णीय होती. तिचे वडील विल्यम हॅरिस हे स्वतंत्र शेतकरी होते. साराला आणखी थोडे शिकून शिक्षिका व्हायचे होते. आपल्या समाजातल्या मुलांना शिकवावे, एवढीच तिची इच्छा होती. मला तुमच्या शाळेत घ्याल का, असे तिने विचारले. बाईंनी लगेच होकार दिला नाही. यामुळे काय होईल, याची त्यांना कल्पना होती. त्यांनी विचार केला आणि मग साराला वर्गात बसवले.

सारा काही गावाला अनोळखी नव्हती. लहानपणी ती गावच्या शाळेत याच गोऱ्या मुलींपैकी काहींच्या बरोबर शिकली होती. तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती. मग आताच का? कारण सरळ आहे. चार अक्षरे शिकून ती कोणाच्या तरी घरी नोकरी करील, तर ते गोऱ्यांना चालत होते. ती रसायनशास्त्र शिकून आपल्या मुलीच्या शेजारी मानाने बसेल, हे त्यांना चालत नव्हते. त्यांचा राग साराच्या रंगावर होता, पण त्याहून जास्त तिच्या बरोबरीवर होता.

पालक बाईंकडे आले. साराला काढून टाका, नाहीतर आम्ही आमच्या मुली काढून घेऊ आणि तुमची शाळा बुडेल, असा त्यांनी इशारा दिला. शाळा बुडाली तरी चालेल, पण साराला मी काढणार नाही, असे बाईंनी उत्तर दिले. एकेक गोरी मुलगी शाळा सोडून जाऊ लागली.

तुम्हाला वाटेल की बाई आता घाबरल्या असतील. त्यांनी काय केले ते ऐका. त्या बॉस्टनला जाऊन गॅरिसन यांना भेटल्या. परत आल्यावर त्यांनी जुनी शाळा बंद केली आणि 'लिबरेटर'मध्ये जाहिरात दिली. १ एप्रिल १८३३ पासून त्यांच्या घरात फक्त कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा भरणार होती. तीन महिन्यांची फी होती पंचवीस डॉलर. बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया अशा दूरदूरच्या शहरांतून मुली येऊ लागल्या. बघता बघता त्यांची संख्या वीसच्या वर गेली. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून त्या मुलींना शिकायला पाठवले असेल, हे वेगळे सांगायला नको.

गावकरी सभा भरवून विरोध करू लागले. त्यांचे पुढारी होते अँड्र्यू जडसन. ते वकील होते आणि बाईंच्या शेजारीच राहत. बाईंची बाजू मांडायला सॅम्युअल मे नावाचे धर्मगुरू आणि त्यांचे एक मित्र सभेत गेले. बाई स्वतः का गेल्या नाहीत? कारण त्या काळी स्त्रियांना अशा सभेत बोलता येत नसे. शाळा गावाच्या मध्यभागातून हलवून दुसरीकडे न्यायची बाईंची तयारी होती. तेही त्या दोघांना सांगायचे होते. पण त्यांना बोलूच दिले नाही.

२४ मे १८३३ रोजी राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. दुसऱ्या राज्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांना शिकवायचे असेल, तर आधी गावाची लेखी परवानगी घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. परवानगीशिवाय शिकवले तर पहिल्या वेळी शंभर डॉलर दंड, दुसऱ्या वेळी दोनशे आणि पुढे तो दुप्पट होत जाणार. लोक त्याला 'काळा कायदा' म्हणू लागले. ही बातमी कँटरबरीत पोहोचली तेव्हा गावात चर्चच्या घंटा वाजल्या आणि आनंदाने तोफ उडवली गेली.

पुढचे दिवस फार कठीण गेले. दुकानदार शाळेला सामान देईनात. डॉक्टर आजारी मुलींना तपासायला येईनात. चर्चचे दार बंद झाले. शाळेच्या विहिरीत कोणीतरी शेण टाकले. शेजारी घोटभर पाणी देईनात. मग बाईंचे म्हातारे वडील आपल्या शेतावरून पाणी आणून देऊ लागले. मुली फिरायला निघाल्या की त्यांच्यावर दगड आणि अंडी फेकली जात. प्रॉव्हिडन्सहून आलेल्या सतरा वर्षांच्या ॲन एलायझा हॅमंडवर तर, ती परगावची असून विनाकारण गावात राहते, असा आरोप ठेवण्यात आला. गाव सोडले नाही तर चाबकाचे फटके मारण्याची तिला धमकी दिली. ती मुलगी हलली नाही.

हे वाचून तुम्हाला आपल्या सावित्रीबाई फुले आठवल्या असतील. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक चिखल आणि शेण टाकीत. कँटरबरी आणि पुणे यांच्यामध्ये हजारो मैलांचे अंतर. पण दगड उचलणारे हात सगळीकडे सारखेच. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना त्यांनी ते अर्पण केले आहे.

२७ जून १८३३ रोजी क्रँडलबाईंना अटक झाली. त्यांच्या मित्रांना जामीन देता आला असता. पण त्यांनी मुद्दामच तो त्या दिवशी दिला नाही. मुलींना शिकवल्याबद्दल एका शिक्षिकेला तुरुंगात टाकले जाते, हे साऱ्या देशाला कळावे असे त्यांना वाटत होते. बाईंचीही त्याला तयारी होती. उलट विरोधकच गोंधळून गेले. आता आपली बदनामी होणार, हे त्यांच्या ध्यानात आले. बाईंनी एक रात्र तुरुंगात काढली. दुसऱ्या दिवशी त्या जामिनावर सुटल्या आणि पुन्हा वर्गावर हजर झाल्या. न्यू यॉर्कचे श्रीमंत व्यापारी आर्थर टॅपन यांनी खटल्याचा खर्च उचलला.

ऑगस्टमध्ये खटला चालला. बारा पंचांपैकी सात जण शिक्षेच्या बाजूने होते, तर पाच जण विरुद्ध. निकाल लागू शकला नाही. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा सुनावणी झाली. कृष्णवर्णीय माणसे या देशाची नागरिकच नाहीत, तेव्हा नागरिकांचे हक्क त्यांना लागू होत नाहीत, असे न्यायाधीश डॅगेट यांनी पंचांना सांगितले. बाई दोषी ठरल्या. त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली. जुलै १८३४ मध्ये त्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण आरोपपत्र नीट लिहिलेले नाही, एवढेच कारण दिले. नागरिकत्वाचा खरा प्रश्न न्यायाधीशांनी टाळला. तो प्रश्न १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा डॅगेट यांच्याच मताचा आधार घेतला गेला. मोठे यादवी युद्ध झाल्यावर, १८६८ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली आणि तेव्हा कुठे तो निकाल पुसला गेला.

कायद्याने शाळा बंद होत नाही, हे पाहून काही लोकांनी दुसरा मार्ग धरला. शाळेच्या इमारतीला एकदा आग लावण्याचा प्रयत्न झाला होता. ९ सप्टेंबर १८३४ च्या रात्री जमाव लाठ्या आणि लोखंडी कांबी घेऊन आला. सगळ्या बाजूंनी खिडक्यांवर घाव पडू लागले. मुली आत झोपल्या होत्या. नव्वदच्या आसपास काचा फुटल्या. त्या रात्री आत असलेल्या मुलींची काय अवस्था झाली असेल, ते तुम्हीच मनात आणा.

बाई स्वतःसाठी कधी घाबरल्या नाहीत. पण आता मुलींच्या जिवाचा प्रश्न होता. त्यांनी शाळा बंद केली. दुसऱ्या दिवशी सॅम्युअल मे यांनी मुलींना ही बातमी सांगितली. ते सांगताना त्यांना फार लाज वाटली.

त्याआधी काही दिवस बाईंचे लग्न झाले होते. पतीबरोबर त्यांनी कनेक्टिकट सोडले. पुढे इलिनॉय राज्यात त्या अनेक वर्षे राहिल्या आणि तिथेही त्यांनी मुलांना शिकवले. १८३८ मध्ये काळा कायदा रद्द झाला. पतीच्या निधनानंतर त्या भावाबरोबर दूर कॅन्सस राज्यात गेल्या.

जडसन यांचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यावेसे वाटेल. ते न्यायाधीश झाले. १८४० मध्ये 'आमिस्टाद' जहाजावरच्या आफ्रिकी कैद्यांचा प्रसिद्ध खटला त्यांच्याच समोर आला. ही माणसे गुलाम नाहीत, त्यांना आफ्रिकेत परत पाठवा, असा निकाल त्यांनी दिला. माणूस ओळखणे सोपे नाही.

१८८६ साली कँटरबरीच्या शंभराहून अधिक रहिवाशांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. क्रँडलबाईंवर या गावाने अन्याय केला, त्यांना निर्वाहवेतन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनीही तिला पाठिंबा दिला. ज्या विधिमंडळाने काळा कायदा केला होता, त्यानेच बाईंना दरसाल चारशे डॉलर मंजूर केले. त्यांचे कँटरबरीचे जुने घर परत घेऊन द्यायला ट्वेन तयार होते. बाईंनी नम्रपणे नको म्हटले. जानेवारी १८९० मध्ये कॅन्ससमध्येच त्यांचे निधन झाले. ते घर आज संग्रहालय आहे. कनेक्टिकटने १९९५ मध्ये क्रँडलबाईंना राज्याची वीरांगना म्हणून मान दिला.

आणि सारा हॅरिस? १८३३ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे जॉर्ज फेअरवेदर नावाच्या लोहाराशी लग्न झाले. दोघेही गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत काम करीत राहिले. बाईंना ती आयुष्यभर पत्रे लिहीत असे. तिला पहिली मुलगी झाली, तेव्हा तिचे नाव तिने प्रुडन्स क्रँडल असे ठेवले.